घरातलं म्हातारं माणूस: मराठवाड्यातून सतत विचारले जाणारे प्रश्न

बीड, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांत आम्ही काही जण म्हाताऱ्या माणसांच्या घरी जातो. रक्तदाब बघतो, गोळ्या लावून देतो, अर्ज भरतो, कधी नुसतंच बसतो. तिथं लेकी-सुना, पुण्या-मुंबईतून फोन करणारी मुलं आणि खुद्द म्हातारी माणसं जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथं घेतले आहेत. बहुतेकांना आपलं घर आणि आपली गल्ली सोडायची नसते, हे आम्ही धरूनच चालतो. त्यामुळं मदत त्यांच्या दारापर्यंत कशी आणायची, याच अंगानं ही उत्तरं लिहिली आहेत.

माय गावात एकटी असते, मी पुण्याला कंपनीत आहे. इथून काय करता येईल?

रोज फोन कराच, पण फोनवर विसंबू नका. "मी बरी हाय, तू जेवलास का?" हे माय तापानं फणफणली असली तरी म्हणणार. गावात रोज एकदा तिला डोळ्यांनी बघणारं माणूस हवं. शेजारची वहिनी असेल, दूध घालणारा असेल, आशाताई असतील. त्या माणसाशी तुम्ही स्वतः बोला, काय बघायचं ते सांगा आणि रोजचं काम करून घेणार असाल तर पैसेही ठरवा. फुकटची अपेक्षा दोन महिने टिकते, मग दोन्हीकडून रुसवे सुरू होतात. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असू द्या. भिंतीवर मोठ्या अक्षरांत चार नंबर लिहा: तुमचा, शेजाऱ्याचा, आशाताईंचा आणि १०८.

गावी गेलात की गप्पा मारता मारता घराकडेही नीट बघा. पिठाचा डबा मागच्या खेपेला जेवढा होता तेवढाच आहे का? पायाची नखं वाढून वळली आहेत का? लुगड्याला, अंथरुणाला लघवीचा वास येतो का? फ्रीज असेल तर आत नासलेलं काही पडून आहे का? माय तोंडानं सांगणार नाही ते यातून कळतं. नखं वाढलेली असतील तर तिला वाकता येत नाही, किंवा दिसत नाही. पीठ तसंच असेल तर ती एकटीसाठी चूल पेटवत नाही, चहात काहीतरी बुडवून दिवस काढते.

आम्ही ऊसतोडीला जातो. दिवाळीनंतर पाच-सहा महिने म्हातारी एकटीच असते. तिचं काय करायचं?

आमच्याकडे येणारा सगळ्यात अवघड प्रश्न हाच. मुकादमाकडून उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्याची गाडी दारात उभी असते, नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळं कुणा एकाला मागं ठेवता येत नाही. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि वस्तीवर उरतात ती म्हातारी माणसं. शिवाय नातवंडं त्यांच्याच गळ्यात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहं तरी निघाली, घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा विचार त्या मानानं फारच कमी झाला आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणाची चर्चा होते तेव्हा हा विषय मांडलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाण्याआधी जे हातात आहे ते करून ठेवा. दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात का, ते आरोग्य केंद्रात विचारा, अडचण मोकळेपणानं सांगितली तर बहुतेक ठिकाणी देतात. दळण दर पंधरा दिवसांनी कोण आणून देणार ते नक्की करा. किराणा दुकानदाराला थोडे पैसे आगाऊ देऊन ठेवा, म्हणजे म्हातारीला उधार मागायची वेळ येत नाही. सरपण तोडून, फोडून, हाताला येईल असं रचून ठेवा. आजी आजारी पडली तर नातवानं कुणाकडं पळत जायचं, ते त्याला सांगून ठेवा आणि त्या घरालाही सांगा. एकाच वस्तीवर पाच-सहा म्हाताऱ्या मागं राहत असतील तर रात्री दोघी-दोघींनी एका घरी झोपायचं, ही जुनी पद्धत आजही उपयोगी आहे.

आणि कारखान्यावर पोचल्यावर आठवड्यातला एक दिवस ठरवून फोन करा. म्हाताऱ्या त्या दिवसाची वाट बघतात.

गोळ्यांचा फार घोळ होतो. घेतल्या की नाही, तेच आठवत नाही.

केज भागातल्या एका आजींकडे स्टीलचा गोल डबा होता. आत सगळ्या गोळ्या एकत्र, पाकिटं कात्रीनं कापून सुटे तुकडे केलेले, त्यामुळं नाव गेलं, मुदतीची तारीखही गेली. आजी रंगावरून ओळखायच्या: पांढरी सकाळी, गुलाबी रात्री. एकदा आरोग्य केंद्रातून तीच रक्तदाबाची गोळी दुसऱ्या कंपनीची आली, ती पिवळी निघाली. आजींना वाटलं नवीन औषध दिलंय. जुनी शिल्लक होती तीही चालू ठेवली, नवीही सुरू केली. चक्कर येऊन न्हाणीत पडल्या तेव्हा हे कळलं.

उपाय साधा आहे. कापडाच्या दोन पिशव्या शिवा, एकीवर सूर्य, दुसरीवर चंद्र. पाकीट कापू नका. नवं औषध आणलं की जुनं शिल्लक असलेलं घेऊन आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना दाखवा, एकच औषध दोन नावांनी आलंय का ते विचारा. अंगदुखीसाठी गावातल्या कुणाकडून तरी सुई मारून घ्यायची आणि दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या, हे मात्र बंदच करा. या गोळ्या रोज घेतल्या तर म्हातारपणी मूत्रपिंडावर आणि पोटातल्या अस्तरावर वाईट परिणाम होतो. गुडघ्याला आराम पडतो, पण किंमत फार मोठी मोजावी लागते.

निराधारचे पैसे कुणाला मिळतात?

गावात सगळ्यालाच "निराधार" म्हणतात, प्रत्यक्षात योजना वेगवेगळ्या आहेत. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राचं इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तीवेतन त्याला जोडून येतं. ६५ पेक्षा कमी वयाच्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी अशांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. श्रावणबाळचे महिन्याला १५०० रुपये मिळतात आणि ते थेट बँक खात्यात येतात. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत करायचा. वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि पासबुक सोबत न्या. किमान १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेलं असावं लागतं.

अडतं ते उत्पन्नाच्या अटीवर. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. एवढ्यात मराठवाड्यातलं कोणतंही घर चालत नाही, हे अर्ज घेणाऱ्यालाही माहीत असतं. ही मर्यादा वाढवणं आणि रक्कम महागाईला जोडणं, या दोन मागण्या ज्येष्ठांच्या प्रत्येक मेळाव्यात झाल्या पाहिजेत. तोवर एवढंच सांगते की म्हातारा-म्हातारी खरंच वेगळी चूल मांडून राहत असतील तर रेशनकार्डही वेगळं करून घ्या, पुढची कागदपत्रं सोपी जातात.

मंजूर झालेले पैसे मध्येच थांबले तर घाबरू नका. बहुतेक वेळा हयातीचा दाखला राहिलेला असतो, किंवा आधार बँक खात्याला नीट जोडलेलं नसतं.

अंगठा उमटत नाही म्हणून आजोबांना बँकेतून परत पाठवतात.

जन्मभर कुदळ-खुरपं धरलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. दोष त्यांचा नाही, हे आधी त्यांना सांगा, कारण चार माणसांत यंत्रावर बोट घासत उभं राहायची त्यांना फार लाज वाटते. आधार केंद्रात बोटांचे ठसे आणि बुबुळं पुन्हा नोंदवून घ्या. पेन्शनर असतील तर हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन घरी येऊन पैसे देऊ शकतो, गावच्या पोस्टात विचारा. बँकेच्या शाखेत सही किंवा कागदावरच्या अंगठ्यावर पैसे काढता येतात, मिनी बँकवाल्याच्या यंत्रावर नाही उमटला म्हणजे सगळं संपलं असं नाही. रेशनसाठी कार्डावर नाव असलेलं घरातलं कुणीही अंगठा देऊ शकतं. नव्या यंत्रांवर बुबुळावरून ओळख पटवायचीही सोय आहे.

एटीएम कार्ड आणि पिन मात्र "आणून देतो आजी" म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती देऊ नका. नातवाच्याही नाही.

काठी, चष्मा, श्रवणयंत्र यासाठी काही मदत आहे का? आणि एसटी?

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि वार्षिक दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाला एकदाच ३००० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे. खरेदीची पावती जपून ठेवा. एसटीत ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ या वयात अर्धं तिकीट. ही सवलत फार मोलाची ठरली आहे. तपासणीला जाण्यासाठी आता सुनेकडं पैसे मागावे लागत नाहीत, हे मला कितीतरी जणींनी सांगितलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवू नका. जालन्याचं गणपती नेत्रालय आणि उदगीरचं लायन्स नेत्र रुग्णालय ही नावं आपल्या भागात बहुतेकांना माहीत आहेतच. जिल्हा रुग्णालयातही ते मोफत होतं. "आता काय बघायचं राहिलंय" असं म्हणणारी माणसं पट्टी सुटल्यावर नातवाचं तोंड धरून बघत बसतात. आणि दिसायला लागलं की पडणंही कमी होतं.

सत्तरी ओलांडलेल्यांचं पाच लाखांचं कार्ड खरंच चालतं का?

आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालं. आधारवर ७० वर्षं पूर्ण झालेली हवीत, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर रक्कम दोघांत मिळून. कार्ड ठरलेल्या दवाखान्यांतच चालतं आणि भरती झाल्यावरच चालतं, हे ध्यानात ठेवा. बाहेरून घेतलेल्या रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. दवाखान्यात पोचल्या पोचल्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथं योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, शोधा, आधी पैसे भरून नंतर कार्ड दाखवू नका. यादीत कोणता दवाखाना आहे ते १४५५५ वर विचारता येतं, राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेसाठी १५५३८८.

रोजच्या औषधांसाठी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्रच बरं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळा वॉर्ड आणि वेगळी ओपीडी असणं अपेक्षित आहे. रांगेत उभं करत असतील तर ती कुठं आहे, असं ठणकावून विचारा.

आबा अचानक बरळायला लागले. कुणी म्हणतं बाहेरचं आहे, कुणी म्हणतं चळ लागला.

दोन दिवसांपूर्वी चांगलं बोलणारं माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागलं, रात्री उठून दार उघडायला लागलं, लेकाला ओळखेना, तर शरीरात काहीतरी बिघडलं आहे असं समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीतला जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी होणं, साखर उतरणं, छातीत कफ भरणं, एखादी नवी गोळी, यातलं काहीही असतं आणि वेळेत उपचार झाले तर माणूस बहुतेक वेळा पुन्हा ताळ्यावर येतं. अंगारे-धुपारे करण्यात जे दोन दिवस जातात तेच महागात पडतात. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर लगेच १०८ लावा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. खेड्यातून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, नांदेडच्या विष्णुपुरीच्या रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या मेडिकलला पोचायलाच त्यातला मोठा भाग जातो.

हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत वाढत गेलेला विसर ही वेगळी गोष्ट. आत्ताच जेवलेलं आठवत नाही, आपल्याच गावात वाट चुकते, पैसे मोजता येत नाहीत, लेकीवर चोरीचा आळ घेतात. हा स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. "सून जेवायला देत नाही" असं ते पारावर सांगतात तेव्हा सुनेला किती लागतं ते मी बघितलं आहे, आणि गावकऱ्यांनी ते खरं धरू नये म्हणून घरच्यांनी आजाराचं नाव उघड सांगावं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. घरच्यांना मन मोकळं करायचं असेल तर १४४१६ ही टेलिमानसची मोफत सेवा आहे.

न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्यांदा असं होऊ नये म्हणून काय करावं?

आपल्याकडे शहाबादी फरशी आणि तिच्यावर साबणाचं पाणी, बहुतेक पडणं तिथंच होतं. फरशीला टाकी मारून खडबडीत करून घ्या. संडासात आणि न्हाणीत कमरेच्या उंचीला लोखंडी नळी भिंतीत पक्की बसवा, गावातला वेल्डर करून देतो. बसता येत नसेल तर कमोडची खुर्ची घ्या. खाट ते संडास या वाटेवर रात्री छोटा बल्ब लावा. उंबरा उंच असेल तर त्याला पांढरा पट्टा मारा. घसरणाऱ्या स्लिपरऐवजी मागं पट्टा असलेली चप्पल द्या. लुगडं, धोतर घोट्याच्या वर नेसू द्या, शोभा बघू नका.

सासूबाई अंथरुणावर आहेत आणि सगळं मी एकटी करते. थकले आहे. हे कुणाला सांगू?

ताई, तुम्ही विचारलंत हे बरं केलं. गावोगाव सुना हे करतात, आणि त्यांची पाठ दुखते, झोप होत नाही, चिडचिड होते, मग चिडलो म्हणून रात्री रडू येतं. "म्हातारीचं पुण्य लागेल" असं सांगणारे पुष्कळ भेटतात, एक रात्र उठायला कुणी येत नाही.

आधी कामाचं बघू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात बघायचे. दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल तर जखम व्हायला सुरुवात झाली आहे, त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही. लाल जागा चोळायची नाही. हवेची गादी परवडत असेल तर जरूर घ्या, काही ठिकाणी सामाजिक मंडळं अशी गादी आणि खाट वापरायला देतात. ओलं अंथरूण लगेच बदलायचं. भरवताना पाठ टेकून बसवायचं, आडवं ठेवून पाणी पाजलं की ठसका लागून ते छातीत जातं. ज्वारीच्या कण्या, हुलग्याचं माडगं, वरणात कुस्करलेली भाकरी, चालत असेल तर अंडं. नुसत्या चहा-बिस्किटावर जखमा भरत नाहीत.

पण मला जास्त बोलायचं आहे ते तुमच्याबद्दल. हे काम एका माणसाचं नाही. नवऱ्यानं स्वतःच्या आईला पुसायला शिकलं पाहिजे, त्यात पुरुषपण कमी होत नाही. दीर-जावा लांब असतील तर त्यांनी पैसे द्यावेत आणि वर्षातून ठरलेले आठ-पंधरा दिवस येऊन सगळं स्वतः करावं. त्या दिवसांत तुम्ही माहेरी जा. नणंदेनं आईजवळ बसायला यावं, सूचना करायला नाही. घरात बसवून हे एकदा स्पष्ट बोला, बोलायला जड जात असेल तर एखाद्या वडीलधाऱ्याला मध्ये घ्या. मदतीला एखादी मावशी ठेवलीत तर कामं, वेळ, सुट्टी आणि पगार आधीच ठरवा. सांभाळणाऱ्याला विसावा मिळावा यासाठी तालुक्याला एखादी तरी जागा हवी, जिथं अंथरुणावरचं माणूस आठवडाभर ठेवता येईल. आज ती जवळपास कुठंच नाही.

वाटणीत आई थोरल्याकडं आणि बाप धाकट्याकडं, असं ठरलंय. हे बरोबर आहे का?

नाही. पन्नास वर्षं एका घरात काढलेल्या दोन माणसांना बैलजोडीसारखं वाटून घेऊ नका. बाप आजारी पडला तर आईला भेटायला दुसऱ्या लेकाची परवानगी लागते, असली घरं मी बघितली आहेत. महिन्याच्या पाळीनंही म्हातारी माणसं खचतात, दर महिन्याला पिशवी उचलायची, गोळ्या एका घरी, चष्मा दुसऱ्या घरी. दोघांना एका ठिकाणी राहू द्या आणि खर्च वाटून घ्या. शक्य असेल तर जुनं घर त्यांच्याच नावावर राहू द्या आणि जेवणाचा डबा आळीपाळीनं पोचवा.

जमीन मुलाच्या नावावर केली. आता तो विचारत नाही. काही करता येतं का?

येतं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ साली झाला. ६० वर्षांवरच्या माणसाला मुलगा, मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्याकडून निर्वाह मागता येतो. मूल नसेल तर ज्याला मालमत्ता मिळाली किंवा मिळणार आहे त्या नातेवाइकाकडून. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या भाषेत प्रांतांकडे. वकील लावायची गरज नाही. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह लावून देता येतो आणि निकाल साधारण ९० दिवसांत लागावा असं कायदा सांगतो. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील.

जमिनीसाठी या कायद्याचं कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. अट होती हे मात्र दाखवावं लागतं, सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली तसं स्पष्ट केलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं, मालमत्तेचा ताबा परत द्यायचा आदेशही प्रांतांचं न्यायाधिकरण देऊ शकतं, असं म्हटलं. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल तर "देणाऱ्याचा व त्याच्या पत्नीचा हयातभर अन्न, वस्त्र, औषधपाण्यासह सांभाळ करण्याच्या अटीवर" हे त्यात लिहून घ्या. माझा सल्ला विचाराल तर हयातीत नाव लावूच नका. मृत्युपत्र करा. ते साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर होतं आणि मन बदललं तर बदलता येतं. सातबारावर नाव असेपर्यंत घरात विचारपूस होते, हे कडू आहे पण खरं आहे.

शेजारच्या म्हातारीला मारहाण होते, उपाशी ठेवतात असं वाटतं. आम्ही मध्ये पडावं का?

पडा. ती स्वतः सांगणार नाही, "दारावर आदळले" म्हणेल, कारण रात्री तिला त्याच घरात झोपायचं असतं. तिला एकटीला गाठून बोला. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, फोन मोफत. जिवाला धोका दिसला तर ११२. ज्येष्ठाला सांभाळायची जबाबदारी असताना त्याला टाकून देणं हा २००७ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस ठाण्यानं आपल्या हद्दीतल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची असते, तीत तिचं नाव आहे का ते विचारा.

वृद्धाश्रमात ठेवलं तर लोक नावं ठेवतील.

ठेवतील. पण ज्याला कुणीच नाही, किंवा घरात रोज अपमान होतो, त्याच्यासाठी चांगला आश्रम हा मोठा आधार आहे. दाखल करण्याआधी न सांगता, संध्याकाळी जाऊन बघा. संडास ओले आहेत की कोरडे? रात्री कोण असतं? अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात की परत पाठवतात? अनामत परत मिळते का, ते लेखी आहे का? तिथली माणसं दारापर्यंत मोकळी फिरतात का? आणि सगळ्यात आधी, जाणाऱ्या माणसाला विचारलंय का? फसवून, "आठ दिवस देवदर्शनाला" सांगून सोडून येणं अक्षम्य आहे.

उन्हाळ्यात म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत.

कारण रात्री उठावं लागतं, आणि संडास लांब. शिवाय म्हातारपणी तहान कमी लागते. पारा ४२-४३ वर जातो तेव्हा तहान लागायची वाट बघू नका, संध्याकाळपर्यंत थोड्या थोड्या वेळानं ताक, आंबील, पाणी हातात नेऊन द्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. पत्र्याच्या घरात दुपारी ठेवू नका, समाजमंदिर उघडा. टँकर आला की गावात एकच पळापळ होते आणि म्हाताऱ्याचा ड्रम कोरडा राहतो. टँकरवाल्यानं एकट्या ज्येष्ठांचे ड्रम आधी भरायचे, हा नियम ग्रामपंचायत एका बैठकीत करू शकते.

आमच्या गावाला म्हाताऱ्यांसाठी काही करायचं आहे. कुठून सुरुवात करावी?

यादीपासून. कोण एकटं आहे, कोण अंथरुणावर आहे, कुणाला दिसत नाही, हे आशाताई आणि अंगणवाडीताईंना बरंचसं पाठच असतं. ती यादी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा. प्रत्येक नावापुढं एक तरुण माणूस लिहा, ज्यानं रोज सकाळी दारावर हाक मारायची. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो, दिव्यांग प्रमाणपत्र असलेल्या ज्येष्ठांनाही त्यातून लाभ घेता येतो. एसटीच्या थांब्यावर सावलीतला बाक, ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांशेजारी उतार, ही कामं फार खर्चाची नाहीत.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वसलेल्या गावांत हे आणखी निकडीचं आहे. तिथं घरं सुटी सुटी, रस्ते रुंद, वस्ती लांबवर पसरलेली. तेव्हा चाळिशीत असलेली माणसं आज सत्तरीपुढं गेली, आणि जुन्या गावातली भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण आता दोन गल्ल्या लांब आहे. हाक ऐकू जात नाही.

आणखी एक. पुरुषांना पार आहे, मंदिराचा ओटा आहे, मशिदीची पायरी आहे. म्हाताऱ्या बायकांना हक्कानं बसायची जागा नाही, विधवा असेल तर मुळीच नाही. सप्ताहात तेवढ्या त्या बाहेर दिसतात. दुपारी दोन तास समाजमंदिर त्यांच्यासाठी उघडं ठेवा. सतरंजी, पाण्याचा माठ आणि जवळ संडास, एवढं पुरे. कीर्तन, ओव्या, भांडणं, सगळं त्या स्वतःच करतील. महिन्यातून एकदा तिथंच रक्तदाब-साखर तपासायला सिस्टरांना बोलवा. ज्येष्ठ नागरिक संघ काढायचा असेल तर तालुक्यातल्या संघाशी बोला, राज्यभराचा महासंघ फेस्कॉम या नावानं काम करतो.

तहसीलमधून अर्ज नामंजूर झाला. आता?

तोंडी "होत नाही" हे उत्तर घेऊन परत येऊ नका. कारण लेखी मागा आणि अर्जाची पोच नेहमी जपा. पुष्कळदा वय आधारवर एक आणि मतदार यादीत दुसरं असतं, किंवा नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लिहिलेलं असतं. शाळेचा दाखला नसलेल्यांसाठी ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयातून वयाचा दाखला मिळतो. तो जोडून पुन्हा अर्ज करा. तरीही दाद लागली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथं किती दिवस आधी आणि कोणत्या नमुन्यात अर्ज द्यायचा ते कार्यालयात विचारून घ्या. म्हाताऱ्या माणसाला एकटं पाठवू नका, सोबत जा, आणि सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स घरूनच काढून न्या.